लंबक धरला, आणि पुढे?

या, असे जवळ येऊन बसा. खुर्ची ओढून घ्या, फक्त आवाज न करता ओढा. खालच्या मजल्यावरच्या बाईंना माझ्या खुर्च्यांचं वावडं आहे. एक गोष्ट सांगतो. गोष्टीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आतली शोधता शोधता बाहेरच्या गोष्टीतल्या माणसाची, म्हणजे माझी, जी शोभा झाली ती खरं तर कुणाला सांगायची नव्हती. पण जन्मभर कीर्तनं ऐकून मला एक खोड लागली आहे. मनात काही सलत असलं की ते चार माणसांत मोठ्यानं म्हटल्याशिवाय घास गोड लागत नाही.

मी एकतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक विभागात होतो. माझ्या टेबलावरून साहेब हरवले, एकदा अख्खा उपविभाग हरवला, पण कागद कधी हरवला नाही. कुठलाही कागद मागा, दहा मिनिटांत हातात. निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी हे सांगितलंही. मागच्या रांगेत तेव्हा कुणी तरी हसलं, पण त्याचं नाव मी आज घेत नाही.

आमच्या भागात एक बुवा होते. पन्नास वर्षं कीर्तन केलं त्यांनी. आवाज असा, की पहिल्याच ओळीला शेवटच्या रांगेतली पोरं रडायची थांबत आणि पहिल्या रांगेतले म्हातारे रडायला लागत. त्यांचं एक ठरलेलं आख्यान होतं, किल्लीवाल्याचं. बंदरालगतच्या एका गावात उंच मनोऱ्यावर घड्याळ. त्याला रोज किल्ली द्यायला एक माणूस एकशे बारा पायऱ्या चढायचा. गावातलं सगळं त्या घड्याळावर चालायचं. चारचा ठोका पडला की बोट सुटायची. एक दिवस चाराला दोन मिनिटं कमी असताना किल्लीवाल्यानं वरून पाहिलं, तर लांबच्या रस्त्यानं एक म्हातारी बोचकं छातीशी धरून धावते आहे. धक्क्यावर तिचा मुलगा उभा, कायमचा परमुलखात निघालेला. म्हातारी काही वेळेत पोचत नाही. तेव्हा त्या माणसानं काय करावं? त्यानं घड्याळाचा लंबक दोन्ही हातांनी धरला.

इथे बुवा थांबायचे. आम्हीही श्वास धरायचो. मग ते सांगायचे, की नगराध्यक्ष संतापून मनोरा चढून आले, खिडकीतून खाली पाहतात तर माय-लेकरांची गळाभेट चाललेली. नगराध्यक्षांनी पागोटं काढून किल्लीवाल्याच्या पायाशी ठेवलं आणि हुकूम दिला, आजपासून रोज चारला हे घड्याळ एक मिनिट थांबेल. हे आख्यान मी चाळीस वेळा तरी ऐकलं असेन आणि चाळीसही वेळा पागोट्याशीच रडलो.

तर गेल्या वर्षी बुवांच्या मुलीचा फोन आला. बुवा अंथरुणाला खिळलेले, वय चौऱ्याऐंशी, बोलताना दोन शब्दांमागे एक श्वास. गेलो. खिडकीपाशी पलंग, उशाशी औषधांची फळी. बुवांनी मुलीला चहाच्या निमित्तानं आत पिटाळलं आणि माझा हात धरला.

"तू कागद शोधणारा माणूस ना रे?"

"होतो, बुवा."

"मग ऐक. ते पागोटं माझं आहे."

मला वाटलं, औषधाचा अंमल असेल. पण तसं नव्हतं. एकोणीस वर्षांचे असताना न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत त्यांनी एका जुन्या मासिकात ती गोष्ट वाचली होती. मासिकाला कव्हर नाही, नाव नाही, गोष्टीचा मथळाही फाटलेला. 'त्याने लंबक दोन्ही हातांनी धरला आणि' इथे पान संपलं. पुढचं पान न्हाव्यानं वस्तरा पुसायला फाडलेलं. पुढचा शेवट बुवांनी स्वतः रचला आणि पन्नास वर्षं 'असं लिहून ठेवलंय' म्हणून सांगितला.

"देवासमोर उभं राहून सांगितला रे. मी खोटं बोललो की नाही, एवढं मला कळू दे. खरा शेवट काय होता? डॉक्टर म्हणतात महिना. मी म्हणतो, तेवढाही नको धरूस."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "बुवा, आठ दिवस द्या." माणसानं छातीवर हात ठेवून बोलू नये. छाती आपलीच असते, तिला काय कळतंय!

घरी आलो. मोठ्या ग्रंथालयाची सूची आता घरबसल्या फोनवर उघडते, जुन्या मासिकांची सूचीसुद्धा. वरच्या मजल्यावर भूमितीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात आणि ते सगळ्यांना चूक म्हणतात. ते आपणहून खाली आले.

"यंत्राला माहिती कमी पडली की ते गोंधळतं," सर म्हणाले. "जितकं जास्त सांगाल तितकं अचूक सापडेल."

मला पटलं. मी शोधाच्या चौकटीत रीतसर मजकूर लिहिला: 'महोदय, मनोऱ्यावरील घड्याळास किल्ली देणाऱ्या इसमाने म्हातारीसाठी लंबक धरल्याची गोष्ट, जिचे शेवटचे पान न्हाव्याने फाडले आहे, ती कृपया मिळावी.' बटण दाबलं. उत्तर आलं: 'आढळले नाही.' ना 'क्षमस्व', ना 'आपला अर्ज मिळाला'. एकतीस वर्षांत मी कुठल्याही अर्जदाराला असं तोंडावर 'आढळले नाही' म्हटलं नव्हतं. निदान 'उद्या या' तरी म्हणायचो.

"फार लिहिलंत," सर म्हणाले. "एकच शब्द घाला."

मी 'घड्याळ' घातलं. अठ्ठावन्न हजार तीनशे बारा. त्यात मनगटी घड्याळांची दुरुस्ती, झोपेचं आणि शरीरातल्या घड्याळाचं नातं, आणि एका कारखान्याचे एकवीस वर्षांचे ताळेबंद. बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, "रोज पन्नास बघितले तर?"

सरांनी तोंडी हिशेब केला. "तीन वर्षं, दोन महिने."

"आणि बुवांकडे?" ती म्हणाली. सर वर निघून गेले.

तरी मी चारशे नोंदी पाहिल्या. हट्टी माणूस आहे. तीन दिवस त्यात गेले आणि हाती इतकंच लागलं, की झोप कमी झाली तर पोट सुटतं.

चौथ्या दिवशी स्वतः ग्रंथालयात गेलो. सभासद खिडकीवर एक कारकून होते. कारकून म्हणून माझ्या मनात त्यांच्याविषयी बंधुभाव होता. त्यांच्या मनात तो नव्हता. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. 'संशोधनाचा विषय' इथे मी लिहिलं, 'एका गोष्टीचा शेवट.' 'मार्गदर्शकाचे नाव' इथे लिहिलं, 'बुवा.' 'अपेक्षित निष्कर्ष' इथे पेन थांबलं.

"निष्कर्ष आधीच माहीत असता तर इथे कशाला आलो असतो?" मी विचारलं.

"सगळे लिहितात," ते म्हणाले. "आणि मार्गदर्शकांचं पत्र लागेल, संस्थेच्या शिक्क्यासह."

"ते अंथरुणावर आहेत हो."

"मग शिक्का कुणाकडे असतो?"

शेवटी आमच्या इमारतीच्या सोसायटीचा शिक्का मारून मीच पत्र नेलं. त्यांनी ते न वाचता फायलीला टोचलं. शिक्का निळा होता, तेवढं पाहिलं. मला त्यांचं कौतुकच वाटलं. मीही हेच केलं असतं.

संदर्भ विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. लांबट खोली, सहा संगणक, त्यांतले चार चालू. एका टेबलामागे पन्नाशीच्या बाई बसलेल्या, चष्म्याला एका बाजूनं दोरी बांधलेली. मी त्यांच्याकडे न जाता थेट संगणकावर बसलो. कागद शोधायला दुसऱ्याची मदत घेणं मला जमणारं नव्हतं. पाऊण तास ठोकाठोक केली. मग मागून आवाज आला.

"काका, तुम्ही त्याला अर्ज करताय. त्याला अर्ज वाचता येत नाही."

"मग काय येतं?"

"शब्द जुळवता येतात, तेवढंच. तुम्ही दहा शब्द दिलेत तर दहाही एकाच नोंदीत असलेले त्याला हवे असतात. त्यातला एक नसला तरी तो हात वर करतो."

हे बोलताना त्यांनी खुर्ची ओढली, तीसुद्धा आवाज न करता. मग एका जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर तीन रकाने आखले. "तुमच्या गोष्टीत मुद्दे किती? वस्तू, माणूस आणि घटना. आता एकेका मुद्द्याला लोक काय काय म्हणतील ते लिहा. घड्याळ, मनोरा, घंटाघर, ठोका. या शब्दांच्या मध्ये 'किंवा'. आणि रकान्या-रकान्यांच्या मध्ये 'आणि'. शब्दाचं मूळ लिहून पुढे चांदणी टाका, म्हणजे घड्याळाचा, घड्याळास, सगळे येतात. आणि नोंद करणाऱ्यानं आख्खी गोष्ट वाचलेली नसते, काका. त्यानं मथळा वाचला असेल, फार तर पहिला परिच्छेद. 'लंबक' हा शब्द नोंदीत असणारच नाही. तो तुमच्या मनात आहे."

मला ते लागलं. कारण खरं होतं.

बाईंनी वर्षांची मर्यादा घातली. बुवा एकोणीस वर्षांचे होते तेव्हाही मासिक जुनं होतं, म्हणून त्याच्या मागची तीस वर्षं. प्रकार: कथा. नोंदी आल्या त्रेसष्ट. दोन दिवस आम्ही, म्हणजे मी आणि मधून मधून त्या, सगळ्या पाहिल्या. घड्याळ चोरणारे होते, घड्याळाच्या प्रेमात पडणारे होते. एका कथेत घड्याळच कथा सांगत होतं आणि ते फार बोलत होतं. किल्लीवाला कुठेच नव्हता.

माझे आठ दिवस संपले. बुवांच्या मुलीचा फोन: "काका, बाबा विचारतायत, सापडलं का. मी काय सांगू?" मी म्हणालो, "अंतिम टप्प्यात आहे." कचेरीत हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा वापरायचो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची लाज वाटली.

बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्या पानाच्या मागच्या बाजूला काय होतं?"

"कुठल्या?"

"फाटलेल्याच्या आधीचं जे पान, त्याच्या आजूबाजूला. माणूस न्हाव्याकडे बसला की गोष्ट एकटी वाचत नाही, सगळंच वाचतो. जाहिराती, चौकटी. विचारा त्यांना."

मी तसाच बुवांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले, की मी मुलीला हाक मारणार होतो. मग म्हणाले, "नळाला पाणी सोडायच्या वेळा. पेठेपेठेप्रमाणे. मी हसलो होतो, म्हणून आठवतं. कारण एका पेठेची वेळ दोनदा छापलेली, आणि दोन्ही वेगळ्या."

दुसऱ्या दिवशी हे बाईंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"काका, गोष्टींच्या मासिकात पाण्याच्या वेळा कोण छापेल?"

आता मला सांगा, हे माझ्या ध्यानात का नाही आलं? कारण मी कीर्तनातला माणूस. चांगलं काही कानावर पडलं की ते आख्यानच असणार, असं मी धरून चालतो. बुवांनीही तेच धरलं होतं. ती गोष्ट नव्हतीच. नगरपालिकेची मासिक पत्रिका होती आणि आम्ही चौकटीत 'कथा'वर खूण करून तिला बाहेर ठेवून बसलो होतो. बाईंनी ती खूण काढली. प्रकार: अहवाल. शब्द: घड्याळ किंवा मनोरा, आणि त्यापुढे चौकशी. सहा नोंदी. चौथी: 'मनोऱ्यावरील घड्याळ बंद ठेवल्याबाबत चौकशीचा वृत्तान्त.'

मी खुर्चीतून उठलो. बाई म्हणाल्या, "बसा. नोंद सापडली म्हणजे अंक सापडला असं नाही."

खरंच तसं होतं. अंक तळघरात. तळघराची मागणी-चिठ्ठी तीन प्रतींत, आणि तळघर मंगळवार-शुक्रवार. मंगळवारी कळलं, की खंड बांधणीला गेला आहे. बांधणीवाल्यानं सांगितलं, की तो परत आला आहे, पण कागदावर आलेला नाही. बाईंनी स्वतः खाली जाऊन जाळीच्या कपाटात पडलेल्या परतीच्या गठ्ठ्यातून तो काढला. वर आल्या तेव्हा कोपरापर्यंत धुळीनं माखलेल्या. छायाप्रतीला परवानगी नाही, कागद ठिसूळ. मी हातानं उतरवून घेतला. आवक-जावकचं अक्षर आहे माझं, एक काना इकडचा तिकडे होत नाही.

त्या संध्याकाळीच गेलो. बुवांना उशा लावून बसवलं. मुलगी पायाशी बसली. मी वाचलं.

कुणा कारकुनानं लिहिलेला तो वृत्तान्त. फार चांगला लिहिलेला, म्हणूनच बुवा फसले. किल्लीवाल्यानं लंबक धरला आणि घड्याळ अकरा मिनिटं बंद राहिलं. शाळा अकरा मिनिटं उशिरा सुटल्या, बाजार उशिरा उठला, बोट उशिरा सुटली. तक्रारी आल्या. किल्लीवाल्यानं जबाब दिला, 'एक बाई धावत येत होती.' मग त्या म्हातारीला साक्षीला बोलावलं. तिनं सांगितलं: 'धावले खरी. पण मला कुणी मदत केली असं नाही. मी धक्क्यावर पोचले तेव्हा घड्याळात चार वाजायचे होते. मी वेळेवरच आले होते.' यावरून समितीचा निष्कर्ष असा, की बाई वेळेवरच आल्या असल्यानं लंबक धरण्यास काही कारण नव्हतं. किल्लीवाल्याला कामावरून कमी करण्यात आलं. मनोऱ्याची किल्ली जमा करून घेतली.

पागोटं नव्हतं. नगराध्यक्ष तर मनोऱ्याच्या पायरीलासुद्धा आले नव्हते.

बुवा कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, चुकलं आपलं. खोटं सांगायला हवं होतं. 'अगदी तुमच्यासारखाच शेवट आहे हो,' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

"तिचा काही दोष नाही रे," बुवा म्हणाले. "तिला दिसणार कसं? घड्याळ चारच्या आतच होतं." पुन्हा श्वास घेतला. "आणि मी पन्नास वर्षं त्याला पागोटं घालून मोकळा झालो. तो घरी गेला असेल त्या दिवशी. बायकोला काय सांगितलं असेल त्यानं?"

"आता खरा शेवट सांगायला माझ्याकडे श्वास नाही. तू सांग."

मग त्यांनी विचारलं, "शोधलंस कसं रे एवढं?"

मुलगी म्हणाली, "काकांची चिकाटीच तशी आहे, बाबा. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

मी चहाचा कप तोंडाला लावला होता. कप खाली ठेवून सांगता आलं असतं. मी म्हणालो, "शोधत राहिलं की सापडतं, बुवा."

त्यानंतर नवव्या दिवशी बुवा गेले.

शोकसभेत मी खरा शेवट सांगितला. लोक पागोट्याची वाट बघत रुमाल काढून बसलेले. पागोटं आलं नाही तेव्हा ते रुमाल तसेच हातात राहिले. सभेनंतर सर म्हणाले, "संशोधन ठीक आहे, पण शेवट जरा गोड करता आला असता." तरीही अध्यक्षांनी माझ्या 'एकट्याच्या अथक परिश्रमांचा' उल्लेख केला आणि फुलांचा गुच्छ दिला. टाळ्या वाजल्या. मी गुच्छ घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

घरी आल्यावर बायको गुच्छ पाण्यात ठेवता ठेवता म्हणाली, "त्या ग्रंथालयातल्या बाईंचं नाव घेतलंत का हो?"

दुसऱ्या दिवशी तो गुच्छ घेऊनच ग्रंथालयात गेलो. रस्त्यात लोक बघत होते. या वयात हा माणूस फुलं घेऊन कुठे चाललाय, असं त्यांच्या तोंडावर होतं. दुसऱ्या मजल्यावर सहाही संगणक चालू. बाईंचं टेबल नव्हतं. जमिनीवर त्याच्या चार पायांचे फिकट चौकोन तेवढे राहिलेले.

खाली सभासद खिडकीवर विचारलं.

"संदर्भातल्या बाई? ते पदच रद्द झालं," कारकून म्हणाले. "गरज उरली नाही ना. लोक आता आपलं आपलंच शोधतात."

"कोण म्हणतं?"

"वाचक म्हणतात. अभिप्रायाच्या चिठ्ठ्यांवरूनच वरून निर्णय आला." त्यांनी रबरबँड लावलेला गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. कुणाला तरी दाखवायला मिळाल्याचा त्यांना आनंदच झाला असावा.

वरून तिसरी चिठ्ठी माझी होती. खंड परत करून बाहेर पडताना दारापाशी भरून टाकलेली, बुवांकडे जायच्या घाईत. 'माहिती मिळाली का? होय.' 'कर्मचाऱ्यांची मदत घ्यावी लागली का?' पुढे माझं अक्षर, एक काना इकडचा तिकडे नाही: 'नाही. स्वतः शोधली.'

मी विचारलं, ही परत घेता येते का. ते म्हणाले, आवक नोंद झाली आहे. बाई कुठे राहतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. गुच्छ मी त्या रिकाम्या चौकोनांपाशी ठेवून आलो. झाडणाऱ्यानं संध्याकाळी उचलला असेल.

झाली गोष्ट. बुवांसाठी काही मागत नाही. त्यांची आठवण काढणारे पुष्कळ आहेत. किल्लीवालाही आता तुम्हाला ठाऊक झाला. एवढंच मागतो: कधी काही शोधायला बसलात आणि पटकन सापडलं, तर उठण्याआधी क्षणभर थांबा, आणि चष्म्याला दोरी बांधलेल्या, कोपरापर्यंत धुळीनं माखलेल्या त्या बाईंची आठवण काढा. मी काढली नव्हती.